भुकेल्याचं चित्र कुणी काढावं?



आधी कबुली देऊन टाकतो. मी एका बामणाच्या पोराच्या चित्रांवर बेहद्द खूश आहे. गेले सहा महिने ती चित्रं डोक्यातून हटत नाहीत. रात्रपाळीला रिंग फ्रेमच्या दोन रांगांमधून फिरताना, तुटलेला धागा जोडताना, त्या चित्रांतलं एकेक माणूस समोर येऊन बसतं. मागच्या बैठकीत मी हे बोललो तेव्हा आपल्यातल्याच एका साथीनं विचारलं, "आपली माणसं चितारायला आपल्यातले हात काय झडले होते? कॉम्रेडांच्या बामणाची आरती कशाला ओवाळतोस?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. चहा संपवला आणि पाळी आहे म्हणून उठलो. हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर. मी काही चित्रकलेचा जाणकार नाही. दहावीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं वाचनालयात आणि गिरणीच्या कँटीनमध्ये शिकलो. तेव्हा चुकलं तर बैठकीत कान धरा.

चित्रकाराचं नाव चित्तप्रसाद. जन्म १९१५, बंगालातलं नैहाटी. मृत्यू १९७८. पुढं भट्टाचार्य हे आडनाव होतं, ते त्यानं लावायचं सोडून दिलं. जात नको म्हणून सोडलं. यावरून त्याचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. मला त्यात पडायचं नाही. आडनाव टाकून द्यायला आधी ते मिरवण्यासारखं असावं लागतं. आपण खोली भाड्यानं बघायला गेलो की मालक आधी आडनावच विचारतो, आणि नाही सांगितलं तर दोनदा विचारतो. पण एवढं खरं की ज्या नावानं दारं आपोआप उघडतात ते नाव त्यानं दाराबाहेर ठेवलं. चित्रकलाही तो कुठल्या मोठ्या शाळेत शिकला नाही, आपली आपण शिकला. हे वाचलं तेव्हा मला तो थोडा जवळचा वाटला. आपलं आपण शिकणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी काय कळतं? कागद महाग असतो. एक रेघ वाया घालवायची नाही.

आता दुष्काळाचं. १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला असं शाळेच्या पुस्तकात एका ओळीत असतं. दुष्काळ 'पडला', जसा पाऊस पडतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात आकडे मांडून दाखवलं, की १९४३ साली बंगालात असलेलं धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतंच, उलट थोडं जास्तच होतं. धान्य होतं, घ्यायची ताकद नव्हती. लढाईच्या खर्चानं भाव भडकले. जपानी येतील या भीतीनं सरकारनं १९४२ मध्ये किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांतल्या होड्या काढून घेतल्या आणि तांदूळ उचलला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मिदनापूर जिल्ह्याला वादळ आणि समुद्राच्या लाटेनं झोडपलं. साठेबाजांनी कोठारं भरून दारं लावली. सरकारी चौकशी आयोगानं १९४५ मध्ये मेलेल्यांचा आकडा पंधरा लाखांच्या आसपास सांगितला. पुढच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांच्या घरात नेला.

मेलं कोण? सेन यांनीच यादी दिली आहे. कोळी, होडीवाले, शेतमजूर, भात कांडून पोट भरणाऱ्या बाया. ते धंद्यांची नावं लिहितात. आपण या देशात राहतो, आपल्याला धंद्याचं नाव वाचलं की त्याच्या मागं उभी असलेली जात दिसते. मासे मारणं, नाव वल्हवणं, दुसऱ्याचं भात कांडणं, दुसऱ्याच्या रानात राबणं ही कामं बंगालातही वरच्या आळीला नव्हती. पुढं १९४६ मध्ये याच बंगालातून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या खटपटीनं, बाबासाहेब घटना परिषदेवर निवडून गेले. तेव्हा बंगालचा दुष्काळ हा लांबच्या मुलखाचा विषय नाही. ती आपल्या घरची सुतकं आहेत.

त्या १९४३ च्या नोव्हेंबरात चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात फिरला. कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता म्हणून फिरला. काळी शाई, कलम, कुंचला आणि वही. गावोगाव जाऊन माणसं काढली, आणि कुठं काय दिसलं ते लिहिलं. चित्रं आणि मजकूर मिळून 'हंग्री बेंगॉल' नावाचं छोटं पुस्तक झालं. छापलं आपल्या मुंबईत. इंग्रज सरकारनं त्याच्या पाच हजार प्रती जप्त करून जाळल्या. घरच्यांनी जपून ठेवलेली एक प्रत वाचली. तिच्यावरून २०११ साली दिल्लीच्या एका गॅलरीनं हुबेहूब प्रत काढली.

महाडला २५ डिसेंबर १९२७ ला आपणही एक पुस्तक जाळलं. पण आपण भर सभेत जाळलं, का जाळतो ते सांगून जाळलं, आणि ज्याला ते वाचायचं त्याला ते आजही दुकानात मिळतं. सरकारनं हे पुस्तक जाळलं ते कुणी बघू नये म्हणून. एका बाजूला हुकूम देणारा ग्रंथ, दुसऱ्या बाजूला मेलेल्यांची वही. कोण कशाला भितं ते यावरून ओळखा.

माझ्या हातात आली ती त्या पुस्तकाची झेरॉक्स. झेरॉक्सचीही झेरॉक्स असावी. पण रेघ मेली नव्हती. रंगीत चित्राची झेरॉक्स काढली तर चिखल होतो. चित्तप्रसादची माणसं तिसऱ्या झेरॉक्समध्येही टक्क जागी होती. नुसता काळा आणि पांढरा. मधला करडा रंग नाहीच. कुठं सावली हवी असेल तर बारीक रेघा एकीवर एक आडव्यातिडव्या मारलेल्या. आणि अंगावर जिथं मांस असायला पाहिजे होतं तिथं कागद कोरा.

आपला हा अंक अजून सायक्लोस्टाइलवर निघतो, त्याला आपले शहरातले मित्र हसतात. पण या यंत्रानंच मला चित्तप्रसाद शिकवला. मला वाटलं, त्यातलं एक चित्र स्टेन्सिलवर उतरवून मुखपृष्ठाला घालावं. बसलेला माणूस, गुडघे छातीशी. लोखंडी लेखणीनं बाहेरची कड कापली, जमली. खांद्याची जमली. बरगड्यांपाशी आलो आणि रेघा इतक्या जवळजवळ आल्या की स्टेन्सिल फाटली. दुसरी घेतली, तीही तिथंच फाटली. मग झेरॉक्स दिव्याखाली धरून नीट बघितलं. त्यानं बरगड्या सरसकट काढलेल्याच नाहीत. दोन-तीन जागी रेघा दाटल्या आहेत, बाकी बरगड्या आपला डोळा भरून घेतो. मी सगळ्या बरगड्या काढत बसलो होतो. मला भूक जास्त दाखवायची होती. त्याला तो माणूस दाखवायचा होता.

त्याच वेळी कलकत्त्यात दुसरा एक चित्रकार हेच बघत होता, झैनुल आबेदिन. पोलीस खात्यातल्या साध्या नोकरदाराचा पोरगा, सरकारी कलाशाळेत शिक्षक. १९४३-४४ मध्ये त्यानं बांधणीच्या स्वस्त कागदावर, कोरड्या कुंचल्यानं आणि काळ्या शाईनं, रस्त्यावर मरणारी माणसं काढली. त्याची रेघ जाड, ओबडधोबड, चार फटकाऱ्यांत आई आणि पोर. भोवती काही नाही. कावळे मात्र आहेत. झैनुलची माणसं बघितली की एका माणसात सगळा मुलूख मेलेला दिसतो. चित्तप्रसादचं तसं नाही. त्याच्याकडं एक चेहरा दुसऱ्यासारखा नाही. एकाचं नाक, दुसरीचा जबडा, तिसऱ्याची दाढी. उपाशी माणसं सगळी सारखी दिसतात असं पोटभर जेवलेल्यांना वाटतं. यानं ती एकेक करून वेगळी काढली.

पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा माझ्या तोंडून "व्वा!" गेलं. आणि लगेच लाज वाटली. समोर मरायला टेकलेला माणूस, आणि मी "व्वा" म्हणतोय! लग्नात गाणं ऐकून म्हणावं तसं.

इथनं माझा खरा प्रश्न सुरू होतो. भुकेचं चित्र सुंदर असू शकतं का? असलं तर ते सुंदर म्हणणारा मी कोण झालो? प्रस्थापित समीक्षकांना हा प्रश्न पडत नाही. ते रेषेचं लालित्य, आकृतिबंध, कारुण्य असले शब्द फेकतात आणि जेवायला उठतात. त्यांच्या सौंदर्यशास्त्रात दुःख हा एक रस आहे, चवीनं घ्यायचा. पण मला पडतो, कारण मी चित्राच्या दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय. सांगतो.

मी सातवीत असेन. आमच्या वस्तीत शहरातल्या एका चित्रकला शाळेची पोरं आली. खांद्याला झोळ्या, हातात मोठाले पुठ्ठे. माझी आई शेडमध्ये चिंध्या निवडायची, गिरण्यांचा वाया गेलेला कपडा. एका पोरानं विचारलं, मावशी, तुमचं चित्र काढू का? आई म्हणाली, काढ की बाबा. तासभर तो काढत होता. आई काम करता करता त्याला विचारत होती, कुठला तू, आई काय करती, जेवलास का. त्याला चहा पाजला. जाताना तो म्हणाला, प्रदर्शन लागणार आहे, या बघायला.

लोक असं बोलून जातात, कुणी जात नसतं. आम्ही गेलो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, मला दुसऱ्याचे बूट घातले. दालनात गार वारं, गुळगुळीत फरशी. आम्ही आईला शोधत भिंतीभिंतीनं फिरलो आणि आई सापडली. खाली चिठ्ठी होती: 'व्यथा'. त्याखाली चित्रकाराचं नाव. त्याखाली बारा हजार रुपये. चित्र चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. हात तर अगदी आईचे. पण चित्रातली बाई मान खाली घालून बसली होती. डोळे मिटल्यासारखे.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मी तर त्येच्याकडंच बघत हुते की! खाली मुंडी कवा घातली?"

बस्समधून येताना परत म्हणाली, "आणि माजं नाव लिवलं न्हाई. त्येचं तेवढं लिवलं."

त्या पोरावर माझा राग नाही. चहा प्यायला होता, हसला होता, चांगलाच असेल. पण त्याला आधीच ठाऊक होतं की चिंध्या निवडणारी बाई कशी दिसते. ती मान खाली घालते. म्हणून समोर बसून त्याच्याशी बोलणारी, त्याला जेवलास का विचारणारी बाई तासभर त्याच्या डोळ्यांसमोर असून त्याला दिसलीच नाही. आमच्या दुःखाला त्यानं जागा दिली, आमच्या नजरेला दिली नाही. आणि नाव? नावाची जागा शीर्षकानं घेतली. व्यथा, श्रम, उपेक्षिता. नावं आम्हाला घरी असतात, भिंतीवर गेलं की आम्ही भाववाचक नामं होतो.

आता पुन्हा चित्तप्रसादची वही उघडा. कितीतरी चित्रांवर त्यानं नाव लिहिलंय. हा अमुक, या गावचा. हिचं असं झालं. चित्र एका बाजूला आणि माणसाची नोंद दुसऱ्या बाजूला असं नाही, दोन्ही एकाच हातानं एकाच दौऱ्यात केलेलं. त्या दिवसांत सरकार मेलेल्यांचा आकडासुद्धा नीट द्यायला तयार नव्हतं. रस्त्यावरची मढी म्हणजे नुसता गाडीनं उचलायचा ढीग. तिथं हा माणूस गावात जाऊन विचारतो, नाव काय तुझं? असं विचारायला थांबावं लागतं, शेजारी बसावं लागतं, त्याची बोली कळावी लागते. आणि नाव विचारलं की समोरचा माणूस तुमच्याकडं बघतो. बघितल्याशिवाय नाव सांगताच येत नाही. मला वाटतं त्याच्या रेघेचं गुपित इथं आहे. ती रेघ नाव विचारल्यानंतर काढलेली आहे.

हे त्यानं दुसऱ्यालाही शिकवलं. सोमनाथ होर हा त्याच्यापेक्षा लहान. दुष्काळात रस्त्यावरची, दवाखान्यातली माणसं समोर बसून कशी काढायची हे चित्तप्रसादनंच त्याला शिकवलं, हे होरनं पुढं स्वतः सांगितलंय. १९४६ च्या शेवटी बंगालात तेभागा चळवळ पेटली. पिकाचे दोन वाटे कसणाऱ्याला, एक वाटा जमीनदाराला, ही मागणी. कुळं बहुतेक राजबंशी, मुसलमान, आदिवासी. होर रंगपूर जिल्ह्यात गेला आणि रोजनिशी लिहीत, चित्रं काढत त्यांच्यात राहिला. त्या वहीतली माणसं मरत नाहीत, सभेला बसलीत, भात कापतायत, काठ्या घेऊन निघालीत. तीन वर्षांपूर्वी जी रेघ मढी काढायला शिकली तीच आता उठलेली माणसं काढते. भुकेच्या चित्राचं पुढं काय होतं, या प्रश्नाचं हे एक उत्तर.

इथवर सगळं ठीक. आता आपल्या साथीचा सवाल. तो हलका नाही. लाल झेंड्याचा आणि आपला हिशेब जुना आहे. माझ्या आज्याचा बाप मुंबईच्या गिरणीत सूत कातायच्या खात्यात होता. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्याला मज्जाव. का? धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. महाराच्या थुंकीनं साचा बाटतो! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, सगळी खाती आमच्या लोकांना खुली करण्याची मागणी घालत नसाल तर तुमचा संप आमचा कसा? वर्गाची भाषा बोलणाऱ्यांना धोट्यावरची थुंकी सांगावी लागली. पुढं माझा आजाही परळच्या गिरणीत लागला आणि १९८२ च्या १८ जानेवारीला संपावर गेला तो गेलाच. गिरणी परत दिसली नाही. तेव्हा लाल झेंड्याखालून आलेलं चित्र मी डोळे मिटून जवळ करावं असं मला कुणी सांगू नये.

दुसरं. चित्तप्रसादच्या खिशात परतीचं तिकीट होतं. तो मिदनापूरला गेला आणि आला. ज्यांना काढलं ते तिथंच राहिले. त्यांच्यातल्या किती जणांनी ते पुस्तक बघितलं असेल? छापलं मुंबईत, इंग्रजीत, आणि जळालंही. आज त्याची मूळ चित्रं गॅलऱ्यांत आणि संग्राहकांच्या घरी आहेत. उपाशी माणूस गार हवेच्या दालनात टांगलेला, पुन्हा. हा दोष त्याच्यावर ढकलता येत नाही. तो स्वतः अंधेरीत एका खोलीत ओढगस्तीत जगला, शेजारच्या गरीब पोरांसाठी बाहुल्यांचे खेळ केले. लिनोलियम कापून ठसे काढले, कारण त्याच्या प्रती स्वस्तात निघतात. १९५०-५२ च्या सुमाराला त्यानं मजुरी करणाऱ्या पोरांची लिनोकट चित्रं केली, तीही तशीच नजर देणारी. तरी पण सवाल उरतोच. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मग बाकीच्यांनी हात का घालावा?

मी स्वतः बरीच वर्षं याच मताचा होतो. आपलं दुःख आपणच मांडायचं, बाहेरच्यानं बोट लावायचं नाही. मग माझ्याच हातून एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय हा लेख खोटा होईल.

आमच्या गिरणीत, कार्डिंग खात्यात, एका साथीची दोन बोटं मशीननं नेली. आपल्याच वस्तीतला, आपलाच. मी त्याच्यावर कविता लिहिली. एका मेळाव्यात म्हटली. खूप टाळ्या. दोन जणांनी मिठी मारली, एकानं वहीवर सही घेतली. तो साथी मागच्या रांगेत बसला होता. मेळावा सुटल्यावर बाहेर पानाच्या टपरीवर भेटला. हात पुढं केला आणि म्हणाला,

"आरं, दोनच गेल्यात. तीन हायत की अजून. तू तीबी तोडलीस व्हय?"

मी कवितेत पंजा तोडला होता. दोन बोटांनी ओळ भरत नव्हती. पंजा म्हटलं की टाळी येते.

तो हसत होता, मी हसू शकलो नाही. तीन बोटांनी तो गाडी चालवतो, पोरीची वेणी घालतो, पत्ते पिसतो. ती तीन बोटं म्हणजे त्याचं सगळं चाललेलं आयुष्य, आणि मी ते टाळीसाठी कापलं. चित्रकला शाळेच्या पोरानं माझ्या आईची मान खाली घातली तेव्हा तो बाहेरचा होता. मी तर आतला. त्याच जातीचा, त्याच पाळीचा, त्याच डब्यातली भाकरी खाल्लेला. आणि केलं तेच. दुःख होतं तेवढं मला पुरलं नाही.

तेव्हापासून मला वाटू लागलं की आपण प्रश्न चुकीचा विचारतोय. भुकेल्याचं चित्र कुणी काढावं, याचं उत्तर जन्मदाखल्यावर शोधायला गेलो तर सोपं आहे, पण सोप्या उत्तरानं मला माझ्या पंजाच्या कवितेतून सोडवलं नाही. आणि जन्मावरून माणसाला अधिकार वाटून द्यायचे ही कुणाची रीत, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. ती रीत उलटी करून वापरली तरी तीच राहते.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ ला आला. त्यात त्यांनी एका जुन्या गोष्टीला हात घातला. सिद्धार्थानं म्हातारा, रोगी आणि मढं पहिल्यांदा पाहिलं आणि घर सोडलं, ही ती गोष्ट. बाबासाहेब म्हणतात, एकोणतीस वर्षांच्या माणसानं हे तोवर पाहिलंच नव्हतं हे पटण्यासारखं नाही. त्यांनी सांगितलेलं कारण वेगळं. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचं भांडण पेटलं, युद्धाचा ठराव आला, सिद्धार्थानं भर संघात विरोध केला आणि त्याची किंमत मोजली. मी यातून माझ्यापुरता अर्थ काढतो. दुःख दिसणं ही काही मोठी गोष्ट नाही. ते सगळ्यांना दिसतं, महालातल्यालाही दिसतं. दिसल्यावर तुम्ही कुठल्या बाजूला उभे राहता आणि त्यापायी काय गमावता, तिथं माणूस कळतो.

चित्तप्रसाद उभा राहिला. नाव विचारलं, नोंद केली, होतं तेवढंच काढलं, पुस्तक जळताना बघितलं. त्याची रेघ मला सुंदर वाटते ती याच्यासाठी. चोख हिशेबाची वही जशी सुंदर असते तशी. तेव्हा मी जे "व्वा" म्हणालो ते मागं घेत नाही. पण ते मरणाऱ्याच्या मरणाला नव्हतं, हे आता मला कळतं. कुणीतरी त्याला मरणातही दुसऱ्या कुणासारखं होऊ दिलं नाही, त्याला होतं.

आणि तरीही, साथी, तुझं अर्धं म्हणणं उभंच आहे. वाडगा घेऊन बसलेल्या त्या बाईच्या हातात कलम असतं तर? तिनं काय काढलं असतं? कदाचित स्वतःला काढलंच नसतं. कदाचित समोर वही घेऊन बसलेला, शहरातनं आलेला, डोळे लाल झालेला तरुण काढला असता. ते चित्र जगात नाही. चित्तप्रसाद कितीही मोठा असला तरी ते त्याच्या हातून निघणारं नव्हतं. ते आपल्याकडं राहिलेलं काम आहे. म्हणून शिकायचं त्याच्याकडून, आणि काढायचं ते त्याला न दिसलेलं.

माझ्यापुरते मी तीन नियम घातलेत. ज्याच्यावर लिहीन त्याला आधी वाचून दाखवीन. त्याची हरकत नसेल तर त्याचं नाव घालीन, भीती असेल तर झाकीन, पण नावाच्या जागी भाववाचक नाम ठोकणार नाही. आणि दोन बोटं गेली असतील तर दोनच लिहीन, ओळ मोडली तरी चालेल. पंजाची कविता मी फाडली. नवी लिहिली, ती त्या साथीला कँटीनमध्ये वाचून दाखवली. ऐकून म्हणाला, "आता बरूबर हाय. पर टाळी न्हाई पडायची." नाहीच पडली.

मुखपृष्ठाला चित्तप्रसादचं चित्र घालायचं मी सोडून दिलं. तिसरी स्टेन्सिल घेतली आणि आईसमोर बसलो. ती चिंध्या निवडत होती, मी लेखणीनं कापत होतो. मला चित्र काढता येत नाही, मुखपृष्ठावर दिसतंच आहे. कान कुठल्या कुठं गेलाय. खाली तिचं नाव तिला विचारून, ती सांगेल तसं लिहिलंय, माहेरच्या नावासकट.

छापलेला पहिला कागद तिला दाखवला. शाई ओली होती, तिच्या अंगठ्याला लागली. लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. म्हणाली,

"नाक माजं न्हाई ह्ये. पर बघतीया बरूबर."

जयभीम.